शालू घसरली

पुलाच्या उतारावर समोर काहीही नसताना शालूनं ब्रेक दाबला आणि मागून येणारा मोटारसायकलवाला तिच्या स्कूटीवर येऊन आदळला. आदळला म्हणजे तसं फार काही झालं नाही. मागचा लाल दिवा फुटला, तिचा पाय जमिनीला टेकला आणि त्या माणसानं मागं दोरीनं बांधलेलं मोसंबीचं कॅरेट तिरकं होऊन निम्मं रिकामं झालं. जालन्यात चढ म्हणावा तर रेल्वेवरचा हा पूल आणि उतार म्हणावा तरी हाच. मोसंब्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. एकेक मोसंबी आपापली वाट धरून खाली निघाली. एक कठड्याला घासत गेली, दोन-तीन मधोमध गेल्या, एक तर उसाच्या ट्रॉलीच्या चाकांमधून सहीसलामत पार झाली. शालू एक पाय टेकून बघत राहिली. त्यातली एकही मध्ये थांबली नाही.

“ओ ताई, समोर काहीच न्हाई ना,” तो माणूस मागून म्हणाला. “बिरेक कशापायी दाबलं?” ती “चुकलं, काका” म्हणाली आणि उरलेल्या मोसंब्या गोळा करू लागली. त्याचा राग तेवढ्यात निवळला असावा, कारण त्यानं स्वतःच तिला वाट काढून दिली. “कुत्रं-बित्रं आल्तं का मधी?” हो म्हटलं असतं तर ती सुटली असती. उतारावर कुत्रं आडवं येणं ही जालन्यात अगदी मान्य होण्यासारखी गोष्ट आहे. पण तिच्या तोंडून “न्हाई” गेलं, आणि त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की आता यापुढं विचारण्यात अर्थ नाही. हाच प्रश्न गेल्या महिन्यात मार्कोनं विचारला होता. तिथं मोसंब्या नव्हत्या, बाकी सगळं हेच होतं.

मार्को तिचा प्रशिक्षक. ज्या देशांना स्कीचा स्वतःचा संघ नाही, तिथल्या पोरापोरींना एकत्र करून ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात त्यानं जो संघ बांधला होता, त्यात शालू गेली सहा वर्षं होती. तिचं काम म्हणजे बर्फाच्या डोंगरावरून खाली येणं. स्कीच्या शर्यतींतही प्रकार असतात. काहींत वळणांचं कसब बघतात, तिच्या प्रकारात बघतात तो निव्वळ वेग. लांब स्की पायांना बांधायच्या, अंग दुमडून छाती मांड्यांवर आणायची, हात पुढं, हनुवटी खाली, आणि समृद्धी महामार्गावर मोटारी धावतात त्या वेगानं डोंगर उतरायचा. मोटारीला ब्रेक असतो एवढाच फरक. हे सगळं वडीगोद्रीतल्या कचरूकाकाला तिनं एकदा मोसंबीच्या बागेत उभं राहून समजावून सांगितलं होतं. काकानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग वर परत कसं जाती?” पाळण्यात बसून जाते म्हटल्यावर त्याचं समाधान झालं. खाली येण्याचं त्याला विशेष काही वाटलं नाही.

ती घराच्या गल्लीत वळली तेव्हा ऊन वर आलं होतं. दिवाळी होऊन गेलेली, हवेत जेमतेम गारवा, आणि दुपारच्या गाडीनं तिला मुंबईला निघायचं होतं. तिथून विमान, आणि दोन आठवड्यांनी हंगामातली पहिली डाउनहिल, म्हणजे तिची ती वेगाची शर्यत. संघाला त्या शर्यतीत एकच जागा होती. मार्को तिला ओरडला नव्हता, ओरडला असता तर बरं झालं असतं. ऑक्टोबरच्या सरावाचे व्हिडिओ त्यानं तिच्यापुढं ठेवले. प्रत्येक वेळी एकाच जागी, उडीच्या जरा आधी, दुमडलेलं अंग उघडून ती उभी राहत होती. उभं राहिलं की वारा छातीवर येतो. तिच्या कामात ब्रेक म्हणतात तो हाच. तिथं तुला काय दिसतं, त्यानं विचारलं. काही नाही, ती म्हणाली. मग तो म्हणाला, भीती वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटायची. पण उतारावर आल्यावर अर्धं मन मागं ओढत असेल तर तू मोडशील, आणि या वेळी नुसता गुडघा मोडणार नाही. घरी जाऊन विचार कर. जमणार नसेल तर निघायच्या आधी कळव, ती जागा डोलमाला देतो. डोलमा ही संघातली दुसरी भारतीय पोर. शालूनं निरोप लिहून ठेवलाच होता. ‘डोलमाला पाठव,’ एवढाच. चार दिवस तो फोनमध्ये न पाठवता पडून होता आणि ती रोज उघडून वाचत होती.

आईनं, म्हणजे मीनानं, बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबता कोंबता विचारलं, “इतका उशीर? हळू गेल्ती ना?” शालूला हसू येऊ शकलं असतं. हळू जा, हे आईचं घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला ठरलेलं वाक्य. दूधवाल्याला हळू जा, शेजारच्या चतुराबाईंना त्यांच्याच दारापर्यंत हळू जा, एकदा तर दाराशी आलेल्या गायीला पोळी देऊन तिलाही हळू जा म्हणाली होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी फोन ठेवतानाही हेच. सुरुवातीला संघातल्या पोरी विचारत, तुझी आई काय म्हणते, आणि शालूनं अर्थ सांगितला की सगळ्या लोळायच्या. जगात सगळ्यात जोरात जाण्यासाठी जिची धडपड, तिला आई सांगते हळू जा. पुढं तो संघातला विनोदच झाला. शर्यत सुटते तिथल्या खोपटात शालू उभी राहिली की डोलमा मागून मोडक्या मराठीत पुटपुटायची, हलू जा, हलू जा. ती हसायची आणि अंग सैल व्हायचं. त्या वाक्याचं कधी काही वाईट झालं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं आप्पांमुळं. तिचे वडील भागवत सैन्यात ड्रायव्हर होते, आणि ती चौथीत असताना त्यांची बदली उत्तराखंडात झाली. जालन्याच्या सपाटीवर वाढलेल्या पोरीनं तिथं पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि पहिल्यांदा पाहिलं की माणसं मुद्दाम त्यावरून खाली येतात. तिथले स्की शिकवणारे उस्ताद हिंदीत ओरडायचे, फिसलो बेटा, फिसलो. आप्पांनी त्याचं सरळ मराठी केलं. “शालू आज लई घसरली,” ते घरी येऊन कौतुकानं सांगायचे. दुसरा शब्द नव्हताच. मराठीत माणूस शेवाळावर घसरतं, भाव घसरतो, पाय घसरतो. घसरण्यात भलं असं काही नाही. पण या एका घरात घसरणं म्हणजे जिंकण्याच्या अलीकडचं काहीतरी झालं. पडणं वेगळं. “पडली का घसरली?” आई विचारायची, आणि “घसरली” असं उत्तर आलं की निश्चिंत व्हायची. गल्लीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं युरोपात पहिली शर्यत पूर्ण केली तेव्हा आप्पांच्या तोंडून बातमी घेऊन गावातल्या कुठल्याशा पेपरानं छापलं, ‘जालन्याची कन्या परदेशात घसरली’. दिवसभर लोक धीर द्यायला येत होते. चतुराबाई हळद घातलेलं दूध घेऊन आल्या, लेक कुठं आहे हे न विचारताच.

जेवायला बसल्यावर तिला घास जाईना. गुडघा बरा होता. डॉक्टर म्हणाले होते पहिल्यापेक्षा मजबूत. रोज सकाळी ती त्याच्यावर बसायची-उठायची, वजन उचलायची, आणि तो गुमान सगळं करायचा. गुडघ्याचा काही दोष नव्हता, हीच पंचाईत होती. गेल्या जानेवारीतली ती सकाळ तिच्यासमोर पुन्हा आली. अलीकडे ती जेवताना हमखास येई. शर्यतीआधी सगळ्या जणी आडव्या घसरत हळूहळू उतार तपासतात आणि वाट पाठ करतात. शालूची पाठ करायची रीत जगावेगळी होती. ती वाटेतल्या जागांना घरच्या रस्त्यांची नावं द्यायची. मोठं सपाट आलं की अंकुशनगर, कारण तिथं कारखान्याशी एसटी नेहमी रेंगाळायची. खड्ड्याखड्ड्यांचं आलं की वडीगोद्री. आणि उडी, जिच्यानंतर उतार एकदम पायाखालून निघून जातो, ती वाटूर फाटा. भूगोलाच्या मास्तरांनी कपाळावर हात मारला असता, पण तिला वाट कधी चुकली नव्हती. त्या दिवशी तिचा नंबर शेवटून तिसरा. आधीच्या साठेक जणींनी बर्फ खरवडून ठेवलेला. अंकुशनगर नीट गेलं, वडीगोद्रीत दात वाजले पण तोल राहिला. आणि वाटूर फाटा येण्याआधी, कसं ते तिला आजही सांगता येत नाही, कानाशी आईचा आवाज आला. डोलमाचा विनोदी नाही, आईचा खराखुरा. हळू जा. आणि ती उभी राहिली.

पुढचं तिला आठवत नव्हतं, व्हिडिओत पाहिलं होतं. हवेत एक स्की वर, एक खाली, मग लाल जाळी. मार्को म्हणाला बर्फ मऊ पडला होता. डॉक्टर म्हणाले नशीब. तेव्हा कुणी तिला विचारलं नाही की तू उभी का राहिलीस, आणि विचारलं असतं तर ती काय सांगणार होती? आईनं काळजी केली म्हणून मी पडले? आई आठ महिने तिचा गुडघा चोळत होती, रोज दोन वेळा, तीळतेल कोमट करून. कदाचित आवाज आलाच नसेल, ती स्वतःला सांगायची. पडल्यानंतर मनानंच तो मागाहून तिथं नेऊन ठेवला असेल. पण ऑक्टोबरात पुन्हा ती जागा आली आणि ती पुन्हा उभी राहिली. आणि आज पुलावर, चाळीसच्या वेगात, मोसंबीवाल्याच्या पुढं. आता तो आवाज ऐकूही येत नव्हता. हात आपसूकच आवळला जात होता.

चतुराबाई निरोप द्यायला आल्या आणि जुन्या सवयीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. याच चतुराबाईंकडून तिला ती दुसरी गोष्ट कळली होती, जी घरात कुणी काढत नाही. ती पडली त्या दिवशी डोलमानं रडत रडत आप्पांना फोन केला. “अंकल, शालू फिसल गई.” एवढंच ऐकू आलं आणि लाईन तुटली. आप्पांना वाटलं, पोरीनं शर्यत मारली, डोलमा आनंदानं रडतेय. ते तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पेढे आणून गल्लीत वाटले. शालू घसरली, शालू घसरली, म्हणत घरोघर. मार्कोचा फोन येईपर्यंत निम्म्या गल्लीचं तोंड गोड झालं होतं. “माझ्या तोंडात पेढा व्हता बघ, बाई,” चतुराबाई म्हणाल्या होत्या, “अन् तुझा बाप दारात मटकन बसला. मला गिळता बी येईना अन् थुकता बी येईना.” त्या दिवसापासून आप्पांनी तो शब्द तोंडातून काढला नाही. तुझं ते काम, म्हणत. तुझं खेळणं, म्हणत. टीव्हीवर कुठला भाव घसरला तरी उठून जात. शालूला हे ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, निदान तिचा तसा समज होता.

निघायच्या वेळी आप्पा बॅग घेऊन बाहेर गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. ती गेली तर ते स्कूटीच्या मागं उकिडवे बसून फुटलेल्या दिव्याची काच चाचपत होते. आयुष्यभर घाटातून ट्रक उतरवलेला माणूस; गाडीला काय झालं हे त्यांना विचारावं लागत नसे. “मागून ठोकली,” ते म्हणाले. “म्हंजे तू मधीच थांबली. कुठं?” “पुलावर. उतरताना.” ते उठले, हात पुसले आणि चावी तिच्या हातात दिली. “चल, तू चालव. मी मागं बसतो.” रिक्षा सांगितली होती, ती त्यांनी परत पाठवली आणि बॅग स्कूटीवर पुढं ठेवली. आईनं हातावर दही ठेवलं. दारात उभी राहून ती म्हणाली, “हळू जा बरं,” आणि शालूनं तिच्याकडे नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं.

पुलाच्या माथ्यावर आप्पांनी तिच्या खांद्यावर टपली मारली. “थांब. कडेला घे.” खाली रेल्वेचे रूळ उन्हात पसरले होते. मागून उसाची एक ट्रॉली कण्हत चढत आली, त्यांना ओलांडून उतरून गेली, आणि उतार रिकामा झाला. सकाळच्या जागी डांबरावर दोन-तीन मोसंब्या चिरडून वाळल्या होत्या. वास अजून येत होता. “काय दिसलं व्हतं समोर?” आप्पांनी मागूनच विचारलं. “काहीच न्हाई.” “तिकडं बी?” “तिकडं बी न्हाई, आप्पा. तिकडं आपसूक उभी ऱ्हाते, हितं हात आपोआप ब्रेक दाबतो. मला लई भ्या वाटून राह्यलं. मार्कोला न्हाई म्हणून लिहून ठेवलंय.” आपण हे बोलून गेलो याचं तिला नवल वाटलं. गाडीवर बसलेली माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत म्हणून जमलं असावं.

आप्पा म्हणाले, “मी पेढे वाटले व्हते. म्हाईत हाय ना तुला?” ती म्हणाली, “हो.” “चतुराबाईच्या पोटात काय ऱ्हातंय,” ते म्हणाले. “तवापासून मला वाटतं, मी तसं गल्लीभर वरडत फिरलो, म्हणून तू...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. शालूला वळून सांगावंसं वाटलं की मी तर आधीच पडले होते, आप्पा, तुमच्या पेढ्यांच्या कितीतरी आधी, तुम्ही काय वेड्यासारखं. पण हेच कुणी आपल्याला आईबद्दल सांगितलं तर पटेल का, हे तिच्या मनात आलं आणि ती तशीच बसून राहिली. आप्पांनी तिच्या खांद्यावरून हात पुढं घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. जालन्यात पेट्रोल वाचवायला निम्मं गाव हा पूल असाच उतरतं. “मागं कोणी न्हाई,” ते म्हणाले, “समोर बी कोणी न्हाई.” त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. “घसर.”

तिनं पाय उचलले. आधी गाडी हललीच नाही, मग चाकं फिरायला लागली. इंजिन नसल्यामुळं फक्त वारा ऐकू येत होता, आणि वाऱ्याचा तो वाढत जाणारा आवाज तिच्या इतक्या ओळखीचा होता की हनुवटी आपोआप खाली गेली. पाठीवर काहीतरी टेकलं. आप्पांनी स्वतःला तिच्यामागं दुमडून घेतलं होतं, डोकं तिच्या पाठीशी, गुडघे आवळून, हुबेहूब तिच्या व्हिडिओतल्यासारखं, साठीच्या पुढचा माणूस, पांढऱ्या शर्टात. चिरडलेल्या मोसंब्या आल्या. वाटूर फाटा, तिच्या मनात आलं. बोटं ब्रेकवर गेली. ती तिथं आहेत हे तिला अगदी स्पष्ट कळलं, लोखंड तापलेलं लागत होतं, आणि पाठीशी आप्पांचा श्वास थांबलेला होता. त्यांनाही भीती वाटत होती, तिच्याहून कमी नाही. बोटं ब्रेकवर राहिली. दाबली गेली नाहीत. मोसंब्या मागं पडल्या.

पूल संपला, गाडी आपल्या वेगानं बरीच पुढं जाऊन स्टेशनच्या वळणाशी थांबली. शालूनं हात ओढणीत घातले. पूल म्हणजे काही तो डोंगर नव्हे हे तिला कळत होतं. भीती गेली नव्हती, ती तिकडंही सोबत येणार होती. आप्पांनी खाली उतरून शर्ट सारखा केला आणि आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना हे पाहून घेतलं.

स्टेशनच्या दारात आईचा फोन आला. आप्पांनी घेतला. “हां, पोचलो. बराबर पोचलो.” मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, म्हणाले, “मीना, शालू घसरली.” शालूला माहीत होतं, आई चौकटीला धरून उभी असणार. “पडली न्हाई गं,” आप्पा घाईनं म्हणाले. “घसरली. पुलावरून.” आता आईचा आवाज फोनबाहेरही ऐकू आला. “हळू?” “हळू न्हाई,” आप्पा म्हणाले. “बराबर घसरली.”

शालूनं आपला फोन काढला. मार्कोसाठी लिहिलेला निरोप एकदा वाचला आणि पुसून टाकला. आप्पा फोनवर हात ठेवून तिच्याकडे वळले. “चतुराबाई तिथंच बसल्यात म्हणं. तुझी आई विचारून राह्यली, पेढे वाटायचे का?” ते विचारत होते थट्टेनं, पण डोळे तिच्यावरच होते.

“आत्ता न्हाई,” शालू म्हणाली. “मी तिथून फोन करीन. माझ्या तोंडून ऐकल्याबिगर कोणाला वाटू नका.”